बाबांच्या नेटबुकवर डेबियन

बाबांचं नेटबुक २००९ च्या दिवाळीत घरात आलं. दहा इंची पडदा, पाटीएवढा आकार, वजन सव्वा किलोच्या आसपास. त्या काळात अशा छोट्या लॅपटॉपची लाटच आली होती. २००७ मध्ये आसुसनं सात इंची ई-पीसी काढला, पुढच्या वर्षी इंटेलनं खास अशा मशीनसाठी ॲटम प्रोसेसर आणला, आणि मग सगळ्याच कंपन्या नेटबुक काढायला लागल्या. आमच्या नेटबुकात ॲटम एन-२७० होता, १ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी.

बाबा मिलच्या टाइम ऑफिसात होते. मिल बंद पडली तरी त्यांचं टायपिंग सुटलं नाही. नेटबुक आल्यापासून ते रोज दुपारी चहानंतर तासभर आठवणी टाइप करत. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण अशा इंदूरच्या मिलच्या आठवणी. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ), कोणत्या वर्षी कुठल्या मिलनं कोणता देखावा केला, रात्रभर राजवाड्याकडे सरकणारी ती रांग. इंटरनेटशी त्यांचा संबंध नव्हता, म्हणून एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला थांबला तरी आमच्या रामबागेतल्या घरात कुणाला काही जाणवलं नाही. मशीन चालत होतं, बाबा लिहीत होते.

२०२५ च्या गणपतीत डिस्क टक-टक करायला लागली. आधी मला वाटलं पंखाच आवाज करतोय. मग एक दिवस एक फाइल उघडायला दोन मिनिटं लागली आणि बाबांनी मला हाक मारली, "हे बघ गं, हा अडखळतोय."

मी कॉम्प्युटरची जाणकार नाही. एका ऑफिसात हिशेब बघते, एक्सेल चांगलं येतं, एवढंच. पुण्याला ताईचा मुलगा आहे, तो या क्षेत्रातला. त्याला फोन केला तेव्हा त्याचं पहिलंच वाक्य होतं, "मावशी, आधी काही इन्स्टॉल करू नकोस. आधी फाइली बाहेर काढ." ज्याच्याकडे जुनं मशीन आहे त्यानं हे वाक्य कागदावर लिहून डोळ्यांसमोर चिकटवावं असं मला आजही वाटतं. आपला सगळा जोर नव्या सिस्टिमवर असतो, आणि जीव जुन्या डिस्कमध्ये अडकलेला असतो.

मी पेन ड्राइव्ह लावून फोल्डर ओढलं. बहुतेक फाइली आल्या. एका फाइलवर कॉपी थांबली आणि एक्सपीनं सांगितलं की डेटा एरर आहे, सायक्लिक रिडंडन्सी चेक. म्हणजे डिस्कच्या त्या जागेवरचं वाचलेलं हिशेबाला जुळत नाही. ती फाइल नेमकी बाबांच्या पहिल्या प्रकरणाची होती. पुन्हा दोनदा प्रयत्न केला, टक-टक वाढली. भाचा म्हणाला, आता हात लावू नकोस, बंद कर, डिस्क काढून ठेव.

मग नवी डिस्क आणि जास्तीची रॅम घ्यायला सिल्व्हर मॉल. आर.एन.टी. मार्गावरच्या या मॉलमध्ये कॉम्प्युटरच्या दुकानांच्या ओळी आहेत. तीन दुकानांत डीडीआर-टू, म्हणजे आमच्या मशीनला लागणारी जुन्या पिढीची रॅम, म्हटल्यावर माना हलल्या. चौथ्या दुकानातला मुलगा म्हणाला, "दीदी, बैठो, देखता हूँ," आणि त्यानं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून जुन्या रॅमच्या पट्ट्यांचा ढीग काउंटरवर ओतला. त्यातून लॅपटॉपची २ जीबीची एक पट्टी निघाली. ॲटम एन-२७० बरोबरचा चिपसेट २ जीबीच्या पुढे जात नाही आणि आमच्या मशीनला खाच एकच, तेव्हा याहून मोठी घेऊन उपयोगही नव्हता. पट्टी चारशे रुपयांना, १२० जीबीची एसएसडी, म्हणजे जुन्या डिस्कच्या जागी बसवायची नवी डिस्क, तेराशेला, आणि जुनी डिस्क यूएसबीवर लावायची डबी अडीचशेला.

रॅम बसवणं सोपं असतं, पण एकदा कुणी दाखवायला हवं. खालचं झाकण काढलं की पट्टी दिसते. दोन्ही बाजूंचे पत्र्याचे चिमटे बाहेर ओढले की ती आपोआप तिरकी वर येते. नवी तशीच तिरकी सरकवायची, सोनेरी दात आत गेले की वरून दाबायची, चिमटे 'टक्' करून बंद होतात. हा आवाज येईपर्यंत दाबायला मी घाबरत होते. बाबा शेजारी टॉर्च धरून उभे होते. "दाब. टाइपरायटरची किल्लीसुद्धा अर्धवट दाबली की अक्षर उमटत नाही."

पुढची चूक माझी. नवी सिस्टिम म्हणजे सगळ्यात नवी घ्यावी, असं मी धरून चालले. डेबियन म्हणजे विंडोजच्या जागी घालता येणारी मोफत लिनक्स सिस्टिम. तिची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला आलेली, ताजी. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती उतरवून पेन ड्राइव्ह बनवला आणि नेटबुकला लावला. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या: या कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) एक्स ८६-६४ प्रोसेसर लागतो, इथे आय ६८६ आहे. बस. तिथेच थांबलं.

अर्थ भाच्यानं समजावला. एन-२७० हा ३२ बिटचा प्रोसेसर आहे. जग ६४ बिटवर गेलं आणि एकेका सिस्टिमनं ३२ बिटचा हात सोडला. उबुंटूनं (हीसुद्धा लिनक्सच) आधीच सोडला होता, विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये आलंच नाही. डेबियननं बराच काळ साथ दिली, पण तेराव्या आवृत्तीपासून तिथेही ३२ बिटचं कर्नल नाही आणि इन्स्टॉलरही नाही. त्यामुळे आमच्या मशीनसाठी डेबियन १२, म्हणजे जून २०२३ चं 'बुकवर्म', हाच शेवटचा थांबा. तो आता जुन्या आवृत्त्यांच्या कप्प्यात मिळतो आणि घेताना नावात आय ३८६ (३२ बिटची खूण) आहे ना, हे बघायचं. ज्यांच्याकडे एन-२७० किंवा त्याच काळातलं ॲटम आहे त्यांनी डाउनलोड करण्याआधी प्रोसेसरचं नाव नक्की बघावं. २०१० नंतरच्या बऱ्याच नेटबुकांत एन-४५० आहे, तो ६४ बिट चालवू शकतो. बाहेरून दोन्ही मशीन सारखीच दिसतात.

तेच दिवस विंडोज १० चा आधार बंद होण्याचे होते, १४ ऑक्टोबर २०२५. ऑफिसात रोज तीच चर्चा, कुणाचं मशीन ११ ला चालेल आणि कुणाचं भंगारात जाईल. मी घरी येऊन सोळा वर्षांच्या मशीनला सिस्टिम शोधत होते. मला त्यात कमीपणा वाटला नाही. भंगारात टाकलेली चांगली यंत्रं आम्ही मिलच्या आवारात खूप बघितली आहेत.

आय ३८६ ची लहान आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) रुफस या प्रोग्रामनं पेन ड्राइव्हवर लिहिली. रुफस विचारतं, आयएसओ पद्धत की डीडी पद्धत, डीडी निवडली. नेटबुक चालू करताना एफ-२ दाबून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) यूएसबीला पहिला क्रमांक दिला. या वेळी मेनू आला. ग्राफिकल इन्स्टॉल निवडलं आणि भाषांची यादी उघडली. बाबा पाठीमागे उभे होते. यादी खाली सरकवता सरकवता ते म्हणाले, "थांब. मराठी आहे." होतं. सरळ देवनागरीत, 'मराठी'. मी इंग्रजी निवडणार होते, कारण काही अडलं तर शोधायला सोपं जातं. पण त्या क्षणी बाबांच्या तोंडाकडे बघून मी मराठीच निवडली. काही ठिकाणी भाषांतर अर्धं आहे, तिथे इंग्रजी वाक्य येतं. अडचण फारशी आली नाही.

वायफाय मात्र मिळालं नाही. बाराव्या आवृत्तीपासून डेबियन बऱ्याच कार्डांचं फर्मवेअर (कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम) इन्स्टॉलरमध्येच देतं, पण आमच्या ब्रॉडकॉमच्या कार्डाचं फर्मवेअर वाटायची परवानगी नाही, ते नंतर नेटवरून ओढावं लागतं. वायफायसाठी नेट हवं, नेटसाठी वायफाय! यावर उपाय जुनाच: लॅन केबल. राउटर बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर. वायर हातभर लांब. मग स्टूल ओढून नेटबुक टीव्हीशेजारी ठेवलं आणि दोन तास तिथेच उभ्याउभ्या काम केलं. सिस्टिम लागली, मग त्या कार्डासाठीचं बी-४३ चं इन्स्टॉलर पॅकेज घातलं, त्यानं फर्मवेअर उतरवून कार्डाला दिलं आणि पुन्हा चालू केल्यावर वायफायचा दिवा लागला.

डेस्कटॉप म्हणून एलएक्सडीई घेतला, हलका म्हणून. मशीन सुरू व्हायला आता मिनिटभराच्या आत लागतं. एक्सपीत बाबा बटण दाबून चहा ठेवायला जात.

६०० पिक्सेल उंचीच्या पडद्याची एक अडचण सांगायलाच हवी. आजकालच्या खिडक्या या उंचीसाठी बनत नाहीत. सेटिंगची खिडकी उघडली की खालचा 'ओके' पडद्याच्या बाहेर, दिसतच नाही. अर्धा तास मी त्यात घालवला. ऑल्ट दाबून धरायचं आणि खिडकी कुठेही माउसनं पकडून वर ओढायची. ती पडद्याच्या वर निघून जाते आणि खालचं बटण दिसतं. हे बाबांना एकदाच दाखवलं, ते आता माझ्यापेक्षा सफाईनं करतात.

आता जुनी डिस्क. ती डबीत घालून यूएसबीला लावली आणि डीडीरेस्क्यू चालवलं. हे साधं कॉपी करत नाही. आधी डिस्कवरचा सहज वाचता येणारा भाग उचलतं, जिथे अडतं तिथे रेंगाळत नाही, नोंद करून पुढे जातं. सगळं सोपं आटोपलं की मग त्या अडलेल्या जागांकडे परत येतं आणि हळूहळू, लहान लहान तुकड्यांनी वाचायचा प्रयत्न करतं. नोंदीची फाइल असते, त्यामुळे मध्येच बंद करून उद्या पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. जी डिस्क कधीही मरेल तिच्याशी असंच वागायला हवं. पूर्ण १६० जीबीची नक्कल माझ्या ५०० जीबीच्या बाहेरच्या डिस्कवर घ्यायला लावली आणि आम्ही झोपलो. रात्री दोनदा उठून बघितलं. पहाटे आकडा आला: काही केबी सोडून सगळं वाचलं होतं.

नक्कल फक्त वाचण्यापुरती जोडली, ते अडलेलं प्रकरण नेटबुकवर घेतलं, लिबर ऑफिसमध्ये (वर्डसारखा मोफत प्रोग्राम) उघडलं. पानभर इंग्रजी अक्षरं. स्मॉल, कॅपिटल, कंस, स्वल्पविराम, कशाचा कशाला मेळ नाही. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, फाइल वाचली पण आतलं सगळं नासलं. बाबा खुर्चीत बसले होते. त्यांना काय सांगावं हे सुचेना, म्हणून मी नुसता पडदा त्यांच्याकडे वळवला.

बाबांनी चष्मा नीट केला. पहिला शब्द बघितला: स्मॉल व्ही, स्मॉल के, स्मॉल बी, कॅपिटल झेड. त्यांनी दोन्ही हात समोरच्या टेबलावरच्या मेणकापडावर ठेवले, डोळे पडद्यावरच, आणि बोटं हलवली. व्ही. के. बी. झेड.

"आई," ते म्हणाले.

मला समजेना. त्यांनी पुढचे शब्द घेतले, बोटं मेणकापडावर टकटकत. "आई डबा घेऊन मिलच्या फाटकाशी यायची. हे पहिलंच वाक्य आहे माझं." एफ, ई, वाय म्हणजे मिल. बी, ए, एन, डब्ल्यू, जे म्हणजे इंदूर. फाइल धडधाकट होती.

झालं होतं असं की बाबांनी सगळं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या या फॉन्टमध्ये आतून इंग्रजीच अक्षरं साठवली जातात, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा आकार चढवतो. 'व्ही'च्या जागी अ काढलेला, 'के'च्या जागी काना. फॉन्ट नसला की आतली अक्षरं उघडी पडतात. कळफलक रेमिंग्टन टाइपरायटरचा, म्हणून ज्यांनी टाइपरायटरवर वर्षं काढली त्यांनी कृतिदेव लगेच उचलला. मध्य प्रदेशातल्या ऑफिसांत आजही तो जागोजागी आहे. बाबांच्या बोटांना कोणत्या किल्लीवर काय आहे हे पन्नास वर्षांपासून ठाऊक, त्यामुळे ते पडदा वाचत नव्हते, बोटं वाचत होती.

तात्पुरता उपाय सोपा निघाला. डिस्कच्या नकलेतच एक्सपीचं फॉन्टचं फोल्डर होतं. तिथून कृतिदेवची फाइल उचलून नव्या मशीनच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवली, आणि पान पुन्हा मराठीत उभं राहिलं. पण पुण्याला ताईला पाठवलं की तिच्या फोनवर पुन्हा तेच व्ही-के-बी-झेड. म्हणून सगळं युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. अपग्रेडपेक्षा हे काम मोठं ठरलं. सिस्टिम एका रविवारी लागली आणि लिखाण आणायला दोन महिने गेले.

कृतिदेव ते युनिकोड बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण ते हिंदी डोळ्यापुढे ठेवून बनलेले. टाइपरायटरवर पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी मारायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार टाइपरायटरवर शेवटी, युनिकोडमध्ये आधी. एवढं ते नीट फिरवतात. ळ सुद्धा बरोबर येतो, तो कॅपिटल जी वर बसलेला आहे. पण आपला ऱ्य त्यांना ओळखीचा नाही. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं, 'पायऱ्या'चं 'पायर्या'. सगळीकडे एकदम बदलून टाकावं म्हटलं, तर 'सूर्य' आणि 'कार्य' बिघडतात. तिथे रफार हवाच. एका प्रकरणात मिलच्या कॅन्टीनचे आचारी आहेत, झांकीच्या रात्री शेकडो माणसांची पुरी-भाजी करणारे. कन्व्हर्टरनं त्यांचे आचार्य करून टाकले. "आचार्यांनी कढई उतरवली" असं वाक्य बाबांनी वाचलं आणि पेन मागितलं. तेव्हापासून छापील पानावर लाल पेनानं त्यांनी खुणा करायच्या आणि मी एकेक शब्द दुरुस्त करायचा, असं चाललं. रोज चार-पाच पानं.

नवं लिखाण सरळ युनिकोडमध्ये व्हावं म्हणून आयबसमध्ये (लिनक्सवर कळफलक बदलणारा प्रोग्राम) एम १७ एन या संचातला कळफलक घातला. त्यात 'हिंदी रेमिंग्टन' आहे. हे सापडलं नसतं तर सगळ्या खटपटीला काही अर्थ नव्हता, हे मी मनापासून सांगते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाबांना इनस्क्रिप्ट, म्हणजे वेगळ्याच मांडणीचा कळफलक, शिका म्हणणं म्हणजे त्यांचं लिहिणं बंद करणं होतं. त्यांनी पहिल्यांदा बोटं ठेवली, 'आई' टाइप केलं, मग 'इंदूर', मग थोडा वेळ काहीच नाही. काही जोडाक्षरं हलली आहेत, ती त्यांनी वहीत लिहून घेतली. फॉन्टही बदलला. लोहितचा एक प्रकार खास मराठीसाठी आहे, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे. "हा आपला ल," ते म्हणाले. हिंदी ल गेली कित्येक वर्षं त्यांच्या डोळ्यांत खुपत होता हे मला त्या दिवशी कळलं.

ब्राउझरचं काय, हे विचारणारे विचारतील. फायरफॉक्स दोन टॅबपर्यंत ठीक चालतो, व्हिडिओ नको. त्यातही मोझिलानं लिनक्ससाठी ३२ बिटचा फायरफॉक्स १४४ व्या आवृत्तीवर थांबवला. जी दीर्घ आधाराची १४० आवृत्ती आमच्याकडे चालते तिला सुरक्षेचे सुधार निदान सप्टेंबर २०२६ पर्यंत मिळायचे आहेत. त्यानंतर मी या मशीनचं वायफाय बंद करणार आणि बाबांच्या फाइली पेन ड्राइव्हनं माझ्या लॅपटॉपवर घेणार. बँकेचं काम यावर आजही करू देत नाही.

जुनी डिस्क फेकलेली नाही. मऊ फडक्यात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. नकलेची आणखी एक नक्कल पुण्याला भाच्याकडे आहे.

लिबर ऑफिसच्या ऑटोकरेक्टमध्ये मी जोड्या भरत असते: दुसर्या लिहिलं की दुसऱ्या, सार्या लिहिलं की साऱ्या, पायर्या लिहिलं की पायऱ्या. यादी साठच्या पुढे गेली आहे. बाबांना नवा शब्द सापडला की ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतात आणि मी रात्री भरते. 'आचार्य' त्या यादीत घालता येत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. काल बाबा ज्या प्रकरणावर होते त्यात पुन्हा कॅन्टीन आलं आहे, तेव्हा ती पानं उद्या दोघांनी बसून बघायची आहेत.